रात्री नऊनंतरची गाडी

यंदाच्या अंकाचा विषय ‘मालकी’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा जमीन, घर आणि सोनं यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील हे उघड होतं. मी दारातली चारचाकी मागून घेतली. गेली दहा-बारा वर्षं एक भाकीत सतत कानावर येतंय. मोबाईलवर गाडी बोलावता येते, मेट्रो धावते, इलेक्ट्रिक बस आल्या, आता स्वतःची गाडी बाळगायची गरज हळूहळू संपेल, असं ते भाकीत. ते करणारे बहुतेक मोठ्या शहरांतले. तालुक्याच्या गावात या भाकिताचं काय होतं ते बघायला मी बदनापूरला गेलो.

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांना जोडणारा साठेक किलोमीटरचा चौपदरी रस्ता बदनापूरमधून जातो. जालना इथून वीसेक किलोमीटर, संभाजीनगर चाळीसच्या आसपास. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं स्टेशनही गावाला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथं आहे. बीडीएन 711 सारखे तुरीचे वाण तिथलेच, म्हणून कडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे गाव नावानं तरी माहीत असतं. एका बाजूला जालन्याचं लोखंड आणि बियाणं, दुसऱ्या बाजूला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, आणि दोन्हींच्या मध्ये मोसंबी, कापूस, तूर. माणसांची ये-जा दिवसभर थांबत नाही. प्रवासाची इतकी साधनं हाताशी असणारी तालुक्याची गावं मराठवाड्यात फार नाहीत. त्यामुळे गाडी न घेता कोणाचं भागणार असेल, तर ते इथं भागायला हवं.

सीट भरली की निघायचं

सकाळी आठच्या सुमाराला महामार्गाच्या कडेला काळीपिवळी उभी असते. ‘जालना, जालना, चला जालना’ असा पुकारा चाललेला. ही जीप घड्याळावर चालत नाही, सीटवर चालते. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मधल्या बाकावर चौघं, मागे समोरासमोर जेवढे मावतील तेवढे. आठ-नऊ सीट झाल्या तरी ड्रायव्हर इंजिन सुरू करून पाच-सात पावलं गाडी पुढे घेतो आणि पुन्हा थांबतो. गाडी निघाली असं वाटून कडेला रेंगाळणारा माणूस धावत येतो आणि उरलेली जागा भरते. हे रोजचं आहे, बसलेल्यांनाही ठाऊक आहे, कोणी तक्रार करत नाही.

या धंद्याचं गणित साधं आहे. डिझेलचा खर्च भरलेल्या गाडीलाही तेवढाच आणि रिकाम्या गाडीलाही जवळपास तेवढाच. शेवटच्या दोन-तीन सीटा हा ड्रायव्हरचा खरा नफा, त्या सोडून निघणं त्याला परवडत नाही. म्हणून सकाळी आणि बाजाराच्या दिवशी काळीपिवळी पटकन मिळते, कारण सीट पटापट भरतात. दुपारी दोनला तीच गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहते. अंधार पडला की ती घरी जाते. रात्री साडेआठला जालन्याहून बदनापूरला यायला चार सीट जमतील की नाही याची खात्री नसते, आणि जमल्या तरी परतीला गाडी रिकामी जाणार असते.

गावातून महामार्गापर्यंत यायला ॲपे रिक्षा असते, तिचंही गणित हेच. एखादा माणूस वाडीवरून निघाला की आधी ॲपेच्या सीट भरण्याची वाट बघतो, मग काळीपिवळीच्या. दोन्हीकडे वाट बघण्याची किंमत त्याच्याच वेळातून जाते. मोटारसायकलने मराठी खेड्यात इतक्या झपाट्यानं जागा केली ती याच कारणानं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या जवळपास निम्म्या घरांत दुचाकी आढळली. चारचाकी मात्र तेरा-चौदा घरांमागे एका घरी. दुचाकीनं वाट बघणं संपवलं. चारचाकी आणखी काहीतरी संपवते, म्हणून माणसं तिच्यासाठी कर्ज काढतात.

दीडशे मर्सिडीजचा रस्ता

या रस्त्याला गाडीच्या मालकीचा स्वतःचा इतिहास आहे. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, उद्योजक, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. खरेदी सुमारे 65 कोटींची होती. देशभर त्याची बातमी झाली. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आठवणाऱ्यांना तो धक्का होता, आणि तो बसावा हाही खरेदीमागचा एक हेतू होता. या भागातही पैसा आहे, मान आहे, आमच्याकडे बघा, असं त्या गाड्या सांगत होत्या. शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारींचा कारखाना आहेच. संभाजीनगर ते जालना हा पट्टा गाड्या बनवतोही आणि मिरवतोही.

त्या खरेदीचा एक भाग मात्र फारसा लक्षात राहिला नाही. मंडळींनी सौदा एकत्र केला, म्हणून किमतीत आणि कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. मालकी मात्र प्रत्येकाची वेगळी राहिली. पुढे काही वर्षांनी याच शहरातल्या उद्योजकांनी हरित वाहतुकीची मोहीम हाती घेऊन इलेक्ट्रिक मोटारी गटानं घ्यायचं ठरवलं. तेव्हाही पद्धत तीच होती. या भागात माणसं खरेदी एकत्र करायला तयार असतात, वापरायची वेळ आली की प्रत्येकाची गाडी प्रत्येकाच्या दारात.

बदनापूरमध्ये मर्सिडीज दिसत नाही. दिसते स्विफ्ट, बोलेरो, इको, अर्टिगा. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या हाताच्या. एमएच-20 म्हणजे संभाजीनगरचं पासिंग, एमएच-21 जालन्याचं. बदनापूरच्या गल्लीत उभ्या असलेल्या एमएच-20 गाड्या बघितल्या की शहरात पाच-सहा वर्षं वापरून झालेली गाडी पुढे कुठं जाते ते कळतं. शहरातला माणूस नवी घेतो, त्याची जुनी तालुक्याला येते, तालुक्यातली आणखी जुनी वाडीवर जाते. शहरात गाडीची हौस कमी झाली तर खेड्यात जुन्या गाड्या कमी येतील, असं वाटू शकतं. घडतं उलट. लोक गाड्या लवकर बदलतात, म्हणून जुन्या गाड्या स्वस्त होतात आणि खेड्यातल्या आणखी एका घराच्या आवाक्यात येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीचाही उतरतो, आणि ती उतरंड बदनापूरपर्यंत पोहोचतेच.

सोयरिक जुळवताना पाहुणे दारात काय उभं आहे ते बघतात, हेही खरं. पण या गावात ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी कोणीही गाडी घेण्याचं कारण म्हणून मान पहिल्यांदा सांगितला नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी एकच सांगितलं: रात्री कोणाला काही झालं तर?

बंद चाकांचा काळ

या प्रश्नाचं वजन 2020 नं वाढवलं. मार्चच्या अखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीत एसटी, रेल्वे, काळीपिवळी, रिक्षा असं सामायिक चाक जेवढं होतं तेवढं एका आठवड्यात थांबलं. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातली ती माणसं. गावी जायला रेल्वे मिळेल या आशेनं भुसावळच्या दिशेनं रुळावरून चालत निघाली होती. हा अपघात बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यानचा. म्हणजे ती माणसं बदनापूरचं स्टेशन ओलांडून पुढे गेली होती, आणि त्या स्टेशनात त्यांना घेऊन जाणारी एकही गाडी नव्हती. प्रवासाची सगळी साधनं नाहीशी झाली तर माणसाचं काय होतं, हे या तालुक्यानं इतक्या जवळून पाहिलं आहे. त्याच दिवसांत ज्याच्याकडे स्वतःची चारचाकी होती तो पास काढून आजारी आईला दवाखान्यात नेऊ शकत होता.

त्यातून सावरतोय तोच ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. एसटीच्या इतिहासातला हा सर्वांत लांब संप. कर्मचाऱ्यांची दुखणी खरी होती, त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या महाराष्ट्रानं वाचल्या आहेत. पण प्रवाशाच्या बाजूनं बघितलं तर दोन वर्षांत दुसऱ्यांदा त्याला कळलं, की लाल बस येईलच असं धरून चालता येत नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलींचं त्या हिवाळ्यात काय झालं ते गावोगाव लोक अजून सांगतात.

बदनापूरमधल्या एका शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांनी 2022 मध्ये दुसऱ्या हाताची गाडी घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती, अंगावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर बोटभर धूळ. सर शाळेत मोटारसायकलवर जातात. मॅडम जालन्याला नोकरीला जातात त्या एसटीनं. गाडी दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवतात, नाहीतर बॅटरी उतरते. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या, त्यात दोन-अडीच हजार गेले. तेव्हापासून इंजिनाच्या कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या आहेत. गाडी विकायचं मनात येतं का, असं विचारलं. सर म्हणाले, “हप्ता भरतो, धूळ पुसतो, पण विकायची नाही. बाबांना दोन वेळा रात्रीचं न्यावं लागलं. तेव्हा कोणाच्या दारात जायचं?”

ही गाडी वर्षातून मोजक्या वेळा चालते, आणि त्या मोजक्या वेळांसाठी ती बाराही महिने पोसली जाते.

चौघं दोन तिकिटांत

दिवसाचं चित्र मात्र झपाट्यानं बदललं आहे, आणि ते बदलणारं साधन मोबाईलवरचं नाही. ते एसटीचं तिकीट आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली. 17 मार्च 2023 पासून महिलांना सगळ्या प्रकारच्या बसमध्ये निम्मं तिकीट लागू झालं. 65 ते 75 वयाच्यांना आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांना आधीपासून अर्धं तिकीट होतंच. आता एक कुटुंब घ्या: नवरा, बायको, आठ वर्षांचं मूल आणि 76 वर्षांचे आजोबा. नवऱ्याचं एक तिकीट, बायकोचं अर्धं, मुलाचं अर्धं, आजोबांचं काहीच नाही. चौघं दोन तिकिटांत संभाजीनगरला जाऊन येतात. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी हा हिशेब मोडला नाही.

गाडीचा हिशेब याच्याशेजारी मांडून पाहू. सात लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता 14,700 रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे वर्षाला पावणेदोन लाख. गाडी वर्षाला 6,000 किलोमीटर चालली, तर नुसत्या हप्त्याचा बोजा किलोमीटरमागे 29 रुपये. त्यावर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर. त्यापेक्षा गरजेपुरती गाडी भाड्यानं घेतली तर ती निम्म्याहून कमी खर्चात पडते. हे गावात सगळ्यांना कळतं. ज्या शेतकऱ्याला कापसाच्या क्विंटलचा हिशेब तोंडपाठ असतो त्याला गाडीचा हिशेब कळत नाही, असं समजण्याचं कारण नाही. म्हणूनच दारात गाडी असूनही माणसं दिवसा एसटीनं जातात.

याचा सर्वांत मोठा फायदा बायकांना झाला. पूर्वी गाडी किंवा मोटारसायकल घराबाहेर काढायची तर ती चालवणारा पुरुष मोकळा असावा लागे. माहेर, दवाखाना, बँक, मुलांची फी, सगळं त्याच्या सवडीवर. आता पर्समधले पन्नास-साठ रुपये घेऊन बाई एकटी निघते. दुपारच्या बसमध्ये बसलो तर निम्म्याहून जास्त सीटवर बायका, हातात पिशव्या, आणि गप्पा चाललेल्या. घरातल्या गाडीचं चाक एकाच्या हातात असतं. बसचं चाक सगळ्यांसाठी फिरतं, हे या सवलतीनं दाखवून दिलं.

पण याच बसची मर्यादाही ठळक आहे. जालना जिल्ह्यात एसटीची आगारं जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद इथं आहेत. बदनापूरला आगार नाही. इथं थांबणाऱ्या बहुतेक बस दुसरीकडून निघून दुसरीकडे जाणाऱ्या. महामार्गामुळे बस पुष्कळ आहेत, पण जलद बस थांबेल की नाही, आणि थांबली तरी जागा असेल की नाही, हे हात दाखवल्यावरच कळतं. बदनापूरच्या माणसाची शेवटची बस कोणती, हे ठरवायचा अधिकार बदनापूरमध्ये कोणाला नाही.

आडवाटेच्या गावांना मुक्कामी बस हाच आधार असतो. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन बस गावात येते, चालक-वाहक तिथंच झोपतात, पहाटे तीच बस दूधवाले, मजूर आणि विद्यार्थी घेऊन निघते. ग्रामपंचायत त्यांना खोली देते, कोणाच्या तरी घरून भाकरी येते. मुक्कामी बस असलेल्या गावातल्या माणसाला शहरातलं काम उरकायला पूर्ण दिवस मिळतो, कारण परतीची गाडी ठरलेली असते. ती बस बंद झाली की गावात मोटारसायकली वाढतात, आणि ज्यांना परवडतं ते चारचाकीचं बघू लागतात.

मोबाईलवरची गाडी कुठवर येते

आता त्या भाकितातल्या मोबाईलकडे वळू. संभाजीनगरात ॲपवरची टॅक्सी आणि रिक्षा मिळते. बदनापूरमध्ये तेच ॲप उघडलं तर नकाशावर एकही गाडी हलताना दिसत नाही. कारण काळीपिवळीचंच आहे. चालकाला इथून परतीचं भाडं मिळण्याची खात्री नाही. ॲपनं सीट भरण्याचं कोडं सोडवलं ते जिथं माणसं दाट राहतात तिथं. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल 2025 मध्ये इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीला मान्यता दिली, तीही किमान एक लाख लोकवस्तीच्या शहरांपुरती. बदनापूर त्या अटीत बसत नाही.

पण बदनापूरनं स्वतःचं ॲप तयार केलं आहे, ते व्हॉट्सॲपवर. ‘उद्या सकाळी सहाला संभाजीनगर, तीन जागा’ असा संदेश पडतो आणि दहा मिनिटांत जागा भरतात. कोणी रोज नोकरीला जाणारा, कोणी घाटी रुग्णालयात तारीख असलेला, कोणी मुलाला क्लासला सोडणारा. पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. पुण्यासारख्या लांबच्या प्रवासासाठी तरुण पोरं ब्लाब्लाकार वापरतात आणि संभाजीनगरहून किंवा जालन्याहून गाडी पकडतात. अशा गाडीत बसलेल्या एका नोकरदार तरुणानं सांगितलं, की त्याला गाडी घ्यायची होती, पण गेलं वर्षभर चौघांचा गट जमल्यानं त्यानं विचार पुढे ढकलला. या गावात मला भेटलेला हा एकटाच माणूस, ज्यानं नव्या साधनामुळे गाडी घेतली नाही. त्याचं लग्न व्हायचं आहे आणि आईवडील चालते-फिरते आहेत, हेही इथं सांगायला हवं.

या वाटून घेण्याला कायद्याचा आधार मात्र डळमळीत राहिला. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, घरगुती गाडीची पांढरी. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं पैसे घेऊन प्रवासी नेले तर तो गुन्हा. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी राज्यांना खासगी गाडीतल्या जागा ॲपवरून वाटून द्यायची मोकळीक दिली. महाराष्ट्रानं जानेवारी 2023 मध्ये त्याला मनाई केली, आणि 2025 मध्ये भूमिका बदलून कार पूलिंगला मान्यता देण्याचा निर्णय घेतला. बदल चांगला आहे. पण नियम आखताना ॲप कंपन्या डोळ्यांपुढे असतात. व्हॉट्सॲपच्या गटावर चाललेली बदनापूरची गाडी कोणत्या खान्यात बसते, हे गावातल्या माणसाला कोणी सांगितलेलं नाही. अपघात झाला तर विमा मिळेल का, या प्रश्नावर गटातले सगळे गप्प होतात.

वरून जाणारा रस्ता, न थांबणारी रेल्वे

नवी साधनं नेहमी गाडीची गरज कमीच करतात असं नाही, हेही या तालुक्यात दिसतं. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो आणि बदनापूर तालुक्याची शिवारं कापतो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा. त्याच्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. पण त्या रस्त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी आहे. ताशी 120 च्या वेगानं धावणाऱ्या रस्त्यावर ती असायलाच हवी. परिणाम असा, की ज्याच्या शेतावरून रस्ता गेला त्या मोटारसायकलवाल्याला तो रस्ता वापरता येत नाही. वापरायचा तर चारचाकी हवी. जमिनीच्या मोबदल्यातून आधी घर, मग गाडी, असा क्रम अनेक घरांत दिसतो, आणि नागपूर-शिर्डी जवळ आल्यानं ती गाडी आधीपेक्षा लांब जाऊ लागली. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला याच महामार्गावर खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. तेव्हापासून ‘रात्रीच्या ट्रॅव्हल्सपेक्षा आपली गाडी बरी’ हे वाक्यही ऐकू येतं.

रेल्वेचं तसंच. 30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, 2025 च्या ऑगस्टमध्ये ती नांदेडपर्यंत गेली. मुंबईला दिवसा बसून जाता येऊ लागलं, स्वतःची गाडी घेऊन मुंबई गाठणारे काहीजण रेल्वेकडे वळले. ती बदनापूरला थांबत नाही, आणि थांबावी अशी मागणीही अवास्तव ठरेल. बदनापूरला हवी आहे ती सकाळी सात-साडेसातला शेंद्रा, चिकलठाणा, मुकुंदवाडीच्या बाजूला नेणारी आणि रात्री परत आणणारी साधी पॅसेंजर. एकेरी रुळावर ते अवघड जातं, कारण एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर स्टेशनात थांबवली जाते आणि तिची वेळ कोलमडते. 31 जुलै 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संभाजीनगर-परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. बदनापूर या मार्गावरच आहे. दुसरा रूळ पडला आणि त्यावर लोकलसारख्या वेळेवर धावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या, तर या पट्ट्यात गाडीच्या मालकीवर जेवढा परिणाम होईल तेवढा कोणत्याही ॲपनं होणार नाही.

ट्रॅक्टरला जमतं ते

गाडी वाटून वापरण्याची कल्पना खेड्याला परकी आहे, असं शहरात समजलं जातं. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करायचा, आज तुझं रान, उद्या माझं. ट्रॅक्टर आल्यावर चार-पाच एकरांच्या शेतकऱ्यानं तो विकत घेतला नाही, नांगरटीला एकरी भाड्यानं बोलावला. पेरणी यंत्र, मळणी यंत्र, फवारणीचा पंप, सगळं भाड्यानं मिळतं. गटांच्या अवजार बँका निघाल्या. म्हणजे उत्पादनाचं साधन वाटून घेण्यात बदनापूरच्या शेतकऱ्याला काडीचा कमीपणा वाटत नाही. चारचाकीच्या बाबतीत तसं होत नाही, कारण नांगरट दोन दिवस पुढे ढकलता येते, पण छातीत आलेली कळ पुढे ढकलता येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये 1987 साली दोन ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून गाड्या घेतल्या आणि पाळीनं वापरायला सुरुवात केली. 1997 मध्ये त्या दोन्ही संस्था एक होऊन ‘मोबिलिटी’ ही सहकारी संस्था झाली आणि आज तिच्या गाड्या देशभर मिळतात. ती टिकली ती दोन गोष्टींवर. सभासदत्वाचा सहकारी पाया, आणि घड्याळासारखी धावणारी स्विस रेल्वे. रोजचा प्रवास रेल्वे करते, म्हणून सभासदाला गाडी अधूनमधून लागते आणि एक गाडी अनेकांना पुरते. त्याउलट फिनलंडमध्ये हेलसिंकीत 2016 पासून बस, टॅक्सी, भाड्याची गाडी सगळं एकाच मासिक वर्गणीत देणारं व्हिम नावाचं ॲप निघालं, जगभर त्याचा गाजावाजा झाला, आणि 2024 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. सहकाराची सवय आपल्याला शिकवायला नको. पतसंस्था, दूध संस्था, सूतगिरण्या महाराष्ट्रानं उभ्या केल्या, चालवल्या आणि काही बुडवल्याही. गल्लीतल्या वीस घरांनी मिळून दोन गाड्या, एक ठरलेला ड्रायव्हर आणि रात्रीचा एक फोन नंबर ठेवावा, हे बदनापूरला अशक्य वाटत नाही. मी हे सुचवलं तेव्हा शिक्षकांनी लगेच विचारलं, “एकाच रात्री दोन घरांत अडचण आली तर?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरकारी सेवेतून यावं लागतं.

त्या सेवेची सुरुवात झालेली आहे. जानेवारी 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची 937 रुग्णवाहिकांची व्यवस्था उभी राहिली. बाळंतिणींसाठी 102 आहे. या दोन आकड्यांनी खेड्यातल्या किती रात्री तारल्या ते आशाताईंना विचारावं. पण 108 रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेते, परत आणत नाही. पहाटे तीनला सलाईन संपल्यावर ‘आता घरी न्या’ असं सांगतात, तेव्हा नातेवाईक जालन्याच्या रस्त्यावर उभे असतात. घरी परत सोडण्याची हमी सरकारी योजनेत आहे ती मुख्यतः बाळंतीण आणि नवजात बाळ यांना. जननी-शिशु सुरक्षेच्या योजनेत ती 2011 पासून आहे. ज्यानं ती कलमात घातली त्याला प्रवासाची खरी अडचण समजली होती. माणसाला जाण्याची चिंता असते त्याहून मोठी चिंता परत येण्याची असते.

मालकी कशाची

बदनापूरमध्ये जे दिसलं ते मिळून असं आहे. एसटीच्या सवलतीनं, वाटून घेतलेल्या गाडीनं आणि रेल्वेनं घरच्या गाडीचा दिवस काढून घेतला आहे. गाडी आता दिवसा उभी असते. रात्र मात्र अजून तिच्याकडेच आहे, आणि त्या रात्रीसाठी कुटुंब वर्षाला पावणेदोन लाख मोजतं. माणसं गाडीची मालकी विकत घेत नाहीत, रात्री नऊनंतरची हमी विकत घेतात. ती बाजारात दुसरीकडे कुठंच मिळत नाही, म्हणून गाडीच्या रूपानं घ्यावी लागते.

म्हणून माझी मागणी मोठ्या प्रकल्पाची नाही. जालन्याहून आणि संभाजीनगरहून रात्री नऊ आणि साडेदहाला निघून बदनापूरला नक्की थांबणारी एकेक बस द्यावी, तिची वेळ थांब्यावर लिहावी, आणि सीट भरोत न भरोत ती वर्षभर पाळावी. बंद केलेल्या मुक्कामी बस परत सुरू कराव्यात. व्हॉट्सॲपवरच्या वाटणीच्या गाड्यांना सोपी नोंदणी आणि विम्याचं कवच द्यावं. जिल्हा रुग्णालयातून रात्री घरी सोडलेल्या प्रत्येक रुग्णाला परतीची गाडी द्यावी, फक्त बाळंतिणीला नव्हे. रिकाम्या धावणाऱ्या रात्रीच्या बसचा तोटा हिशेबात दिसेल. पण ती बस धावत नाही म्हणून शंभर घरांनी काढलेल्या कर्जाचा तोटा कोणत्याच सरकारी हिशेबात येत नाही, तो ती घरं एकटी सोसतात. हाच पैसा मोसंबीच्या ठिबकला लागला असता, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीला लागला असता. गाडी घ्यायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, हौसेनं घ्यावी, मिरवावी. भीतीपोटी घ्यावी लागू नये, एवढी व्यवस्था करणं सरकारच्या हातात आहे आणि ती त्याची जबाबदारी आहे.